लुधियाना विरुद्ध बेल्जियम

अलका, तो फाऊल होता.

तुला आता उलट बोलता येणार नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. गेली सहा वर्षं हे वाक्य तू मला पुरं करू दिलं नाहीस. मी सुरुवात केली की तुझा हात वर व्हायचा, डोळे मिटायचे, आणि 'नाही, नाही, नाही' असं तीनदा म्हणून तू चहा ओतायला लागायचीस. आज वाक्य पुरं झालं. खरं सांगू का, पुरं झाल्यावर काही विशेष वाटलं नाही. तुझा हात वर आला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून सांगते. साताऱ्याचं सिमेंटचं मैदान, मुलींच्या राज्य बास्केटबॉल स्पर्धेची फायनल, तू पुण्याकडून आणि मी नागपूरकडून. आपण दोघी एकवीस वर्षांच्या. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि दोन सेकंद उरले होते. मी बॉल घेऊन रिंगकडे झेप घेतली आणि तुझं कोपर माझ्या बरगडीत बसलं. पंचांनी शिट्टी मारली, मला दोन फ्री थ्रो दिले. एक गेला तर बरोबरी, दोन्ही गेले तर अजिंक्यपद आमचं. पहिला रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला. दुसरा कशालाच लागला नाही.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. घरी बाबा एवढंच म्हणाले की झालं ते झालं, आता परीक्षेचं बघ. मी परीक्षेचं बघितलं. मग कॉम्प्युटरचा कोर्स, नोकरी, लग्न, सिंगापूर. बूट माळ्यावर गेले ते तिथेच राहिले. विवेकला, म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा, मी कॉलेजात 'काहीतरी खेळायचे' एवढंच माहीत होतं.

आणि मग सत्तावीस वर्षांनी तू मला इथे सिंगापुरात, बिशानला भेटलीस.

मी दाताच्या डॉक्टरकडे आले होते. अर्धा जबडा बधिर, तोंड वाकडं. MRT कडे, म्हणजे इथल्या मेट्रोकडे, जाताना एका उंच ब्लॉकच्या बाजूच्या कोर्टवर एक बाई दिसली. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात जाडजूड बूट, आणि समोर हाफ पँटमधले एक चिनी आजोबा, आपले लिम अंकल. दोघंही एकमेकांना हरवायला निघालेले. बॉल सुटून माझ्या पायाशी आला. मी उचलला आणि परत दिला. नुसताच दिला, पण छातीपासून, दोन्ही हातांनी, अंगठे खाली वळवून, आमच्या सरांनी घोटून घेतला होता तसा. तू बॉल धरलास आणि तशीच उभी राहिलीस.

"सात नंबर," तू म्हणालीस. "नागपूर."

मी मान हलवली. तू जवळ आलीस. नाव विचारलं नाहीस, कशी आहेस विचारलं नाहीस, मी सिंगापूरला काय करते तेही नाही.

"तो फाऊल नव्हता बरं का," तू म्हणालीस.

बधिर तोंडाने मी काय उत्तर दिलं ते तुला कळलं नाही. मलाही कळलं नाही. तू मला बाराव्या मजल्यावर तुझ्या घरी नेलंस आणि कोमट दूध दिलंस, कारण दाताला गरम चहा चालणार नव्हता. सोफ्यावर तुझ्या सासूबाई, माई, भाजी निवडत बसल्या होत्या. तू त्यांना माझी ओळख करून दिलीस ती अशी, की हिने दोन फ्री थ्रो चुकवले म्हणून आपल्या घरात तो कप आहे. माईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की मग हिला दुधात साखर जास्त घाल.

मला त्या दिवशी हसू आलं, अलका. सत्तावीस वर्षं जी गोष्ट मी कुणापुढे काढली नव्हती, ती तू ओळख म्हणून सांगून टाकलीस आणि घर कोसळलं नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. मी तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आता सांगते.

त्यानंतर रविवार तुझे झाले. बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत पोहण्याचा तलाव आहे, टेनिस कोर्ट आहे, आणि मी बस पकडून बिशानला येते म्हणून विवेक हसायचा. मी यायचे ते युरोपसाठी. तुझं हे वेड मला आधी कळलंच नाही. बास्केटबॉल बघायचा तर सगळं जग अमेरिकेचा बघतं. तू मात्र युरोपातल्या देशांची स्पर्धा बघायचीस, आणि त्यातही बायकांची. सामने आपल्याकडच्या रात्री व्हायचे. तू म्हणायचीस की झोप मोडून बघायला आपण काही कॉलेजात नाही, सकाळी नाश्त्याबरोबर बघू. म्हणून नियम असा, की रेकॉर्डिंग संपेपर्यंत फोन बंद, वर्तमानपत्र घडी घालून माईंच्या मांडीखाली, आणि घरात कुणी 'अरेरे' किंवा 'वा' असलं काही म्हणायचं नाही. माई वहीत गुण लिहायच्या. एका बाजूला देशाचं नाव आणि खाली काड्या. दोन गुणांना दोन काड्या, तीनला तीन. बॉल कुणी टाकला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, पण टीव्हीवरचा आकडा आणि त्यांच्या काड्या कधी चुकल्या नाहीत.

युरोपच का, हे मी तुला दुसऱ्या वर्षी विचारलं. तू पोह्यांवर खोबरं घालत होतीस. लग्नानंतर श्रीकांतरावांबरोबर तू बोटीवर गेली होतीस. ते तेव्हा फोर्थ इंजिनियर. ग्रीसमधल्या एका बंदरात बोट दुरुस्तीला अडकली, आणि कुणी तरी एजंटने वेळ घालवायला तुम्हाला सामन्याची दोन तिकिटं दिली. दोन देशांच्या बायकांचा सामना, युरोपच्या स्पर्धेआधी तयारीसाठी ठेवलेला. स्टेडियम अर्धं रिकामं. मध्यंतरात एक खेळाडू बाकांच्या मागे गेली, कुणी तरी तिच्या हातात बाळ दिलं, तिने खांद्यावर टॉवेल घेऊन त्याला पाजलं, आणि शिट्टी झाल्यावर ते परत देऊन मैदानात उतरली. तू श्रीकांतरावांना विचारलंस की हिचं वय काय असेल. ते म्हणाले, पस्तीस तरी असावं. तू पंचवीस वर्षांची होतीस, आणि आपला खेळ संपून चार वर्षं झाली असं धरून चालली होतीस.

दुसऱ्या दिवशी तू त्या बंदरातून बॉल विकत घेतलास आणि पुढचे दोन महिने बोटीच्या डेकवर आपटून आपटून चीफ इंजिनियरची दुपारची झोप घालवलीस. श्रीकांतराव हे सांगताना अजूनही ओशाळतात.

तुझा संघ बेल्जियम, माझा स्पेन. मला स्पेनच्या मुली आवडायच्या कारण त्या घाई करत नाहीत. तुला बेल्जियम आवडायचा कारण, तू म्हणायचीस, त्या मागे पडल्या तरी त्यांचे चेहरे पडत नाहीत. गेल्या जूनमध्ये फायनलला नेमके हेच दोघे आले. मी सोमवारी सकाळी अर्धा दिवस रजा टाकली. ऑफिसात कारण लिहिलं 'कौटुंबिक'. ते खोटं नव्हतं.

आपण सामना लावला, तेवढ्यात घरच्या लँडलाइनवर श्रीकांतरावांचा फोन आला. ते शिपयार्डला जायला निघालेले, आणि MRT मध्ये शेजारच्याच्या फोनवर त्यांनी निकाल बघितला होता. ते फक्त म्हणाले की डबा विसरलो. तरी तू त्यांच्या आवाजावरून काही कळेल म्हणून फोन कट केलास. तो डबा नंतर आपण तिघींनी खाल्ला.

शेवटची तीन-चार मिनिटं राहिली तेव्हा स्पेन दहा-बारा गुणांनी पुढे होतं. मी उठले. म्हटलं चहा टाकते, आता यात काही उरलं नाही. तू माझा हात धरून मला खाली बसवलंस. आणि मग बेल्जियमच्या मुलींनी ते सगळं अंतर भरून काढलं. एकीने बॉल हिसकावला, दुसरीने टाकला, परत हिसकावला, परत टाकला. माईंची पेन्सिल पुरेना. दोन गुणांनी जिंकल्या. तू सोफ्यावरून उठून खिडकीपाशी गेलीस आणि पाठ करून उभी राहिलीस. मला वाटलं रडतेस. वळलीस तर हसत होतीस, आणि रडतही होतीस. माईंनी वही मिटली आणि विचारलं की त्या हरलेल्या मुलींना कुणी पाणी दिलं का.

तेव्हाच तू म्हणालीस की आपणही खेळायचं. मी म्हटलं, खेळतोच की, मी आणि तू आणि लिम अंकल, रविवारचे चार बॉल टाकतोच. तू म्हणालीस, तसं नाही, स्पर्धा. युरोपची. इथे, खाली. चार देश, प्रत्येकी चार बायका, तीन खेळतील आणि एक बदली.

मी तुला काय काय म्हणाले ते आठवतं. पन्नाशी उलटली, गुडघे गेले, लोक गॅलरीतून बघतील, हसं होईल.

"होऊ दे की," तू म्हणालीस. "हसायला ज्या येतील त्यांनाच संघात घेऊ."

आणि खरोखर घेतलंस. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तू निरोप टाकलास तेव्हा पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. ज्यांनी ज्यांनी पाठवले त्या प्रत्येकीला तू फोन केलास. बोटीवर नवरे असलेल्या तिघी आल्या, कारण त्यांना रविवारी काय करायचं हा प्रश्नच असायचा. पुण्याहून नुकत्याच आलेल्या दोघी आल्या, मंडळातल्या आणखी सातजणी आल्या. समोरच्या घरातली मलय शेजारीण सिती आली, जिला तू पहिल्यापासून सितीताई म्हणायचीस आणि तिलाही ते आपलं नावच वाटायचं. आणि प्राची आली. प्राची माझ्याच ऑफिसातली, चाळीसची, जन्मात बॉल न धरलेली. तो अंगावर आला की ती दोन्ही हातांनी चेहरा झाकायची. जुलैभर रोज संध्याकाळी तू तिला झेलायला शिकवलंस. पहिले आठ दिवस बॉलऐवजी उशी फेकून.

लिम अंकल पंच. त्यांनी शिट्टी विकत आणली आणि इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' लावत सगळ्यांना बजावलं, "आंटी, पुशिंग कॅनॉट, लाह." तू गंभीरपणे मान डोलावलीस.

देशांच्या चिठ्ठ्या माईंनी काढल्या. बेल्जियम, स्पेन, इटली नीट वाचलं. चौथी चिठ्ठी चष्म्यापाशी नेली, लांब धरली, परत जवळ आणली आणि म्हणाल्या, "लुधियाना." तू लिहिलं होतंस लिथुआनिया. पण त्यानंतर कुणीच त्याला लिथुआनिया म्हटलं नाही, आणि तो माझा संघ निघाला. मी, प्राची, सितीताई आणि बोटवाल्यांपैकी एक. तुझ्या हातात बेल्जियमच आलं. माईंनी मला परवा सांगितलं की त्या चिठ्ठीचा कोपरा तू दुमडून ठेवला होतास आणि त्यांना आधी दाखवला होतास. ऐंशी वर्षांच्या बाईला तू भ्रष्ट केलंस.

पण त्याआधी आपलं भांडण झालं. ते मी वगळणार नाही.

तुझा नियम होता की संघातल्या प्रत्येकीचा हात लागल्याशिवाय बॉल रिंगमध्ये टाकायचा नाही. मला तो पटला नाही. स्पर्धा म्हणजे स्पर्धा, खेळ म्हणजे खेळ. मी आधीच घाबरलेली होते, आणि घाबरले की मी कडक होते, हे तुला माहीत असायला हवं होतं. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं की मग याला बास्केटबॉल कशाला म्हणायचं, हळदीकुंकू म्हण. बाया हसल्या. तू नाही हसलीस. बॉल काखेत घेऊन घरी गेलीस.

चार दिवस तू फोन केला नाहीस. मीही नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉन्डोच्या गेटवरून फोन आला की कुणी बाई आल्यात. तू ऑफिसच्या गर्दीत उभ्याने बसमधून आली होतीस. पाणी प्यालीस, आमचा तलाव बघितलास, चांगला आहे म्हणालीस. मग बोललीस.

"तू दोन बॉल चुकले म्हणून खेळ सोडलास. आमच्या त्या जिंकलेल्या संघातल्या बाकीच्या सगळ्यांनी लग्न झालं म्हणून सोडला. मी तेवढी खेळत राहिले, नंदा, आणि मग माझ्याशी खेळायला कुणी उरलंच नाही. लिम अंकल भेटेपर्यंत मी तेरा वर्षं एकटी रिंगमध्ये बॉल टाकत होते. मला आता बायका हव्यात. चांगल्या खेळणाऱ्या नकोत, परत येणाऱ्या हव्यात. बॉल हाताला लागला नाही तर प्राची परत कशाला येईल?"

मी चहा केला. तडजोड झाली की पहिला हाफ तुझ्या नियमाने, दुसरा माझ्या. जाताना तू गेटपाशी थांबलीस आणि म्हणालीस की हळदीकुंकवाला मात्र तू बोलायला नको होतंस, माईंना लागलं. माईंना काही लागलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी विचारलं त्यांना.

माफी मागायची राहिली ती राहिलीच. तू कधी मागू दिली नाहीस आणि मीही फार जोर केला नाही.

ऑगस्टमधला तो रविवार. ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी आठला सुरुवात. ब्लॉकच्या गॅलऱ्यांमधून लोक बघत होते, वाळत घातलेले कपडे बाजूला सारून. इराने, तुझ्या लेकीने, चारही देशांचे झेंडे कागदावर रंगवून आणले होते, आणि लुधियानाचा झेंडा कुठला म्हणून मला विचारत होती. पहिल्या सामन्यात इटलीच्या एकीने उत्साहात आपल्याच रिंगमध्ये बॉल टाकला आणि दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. स्पेनची कर्णधार साडीत आली होती, तिला तू इराची ट्रॅक पँट दिलीस. कुणालाही पाचव्या मिनिटानंतर दम उरत नव्हता. लिम अंकल शिट्टी मारायचे ती फाऊलसाठी कमी आणि पाणी पिण्यासाठी जास्त.

फायनल लुधियाना विरुद्ध बेल्जियम. तू मला अडवायला उभी राहिलीस. तेहतीस वर्षांनी तुझा श्वास परत माझ्या कानाशी. तू तशीच खेळत होतीस, कोपरं बाहेर काढून. मी म्हातारी झाले होते पण तुझी डावी बाजू अजून कच्ची होती, हे मला पहिल्याच मिनिटात कळलं, आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. तू विचारलंस काय झालं. मी सांगितलं नाही. सांगणार कशी, तिकडूनच तर जायचं होतं.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. माझ्या हातात बॉल, समोर तू. आता नियम माझा होता, कुणाला पास द्यायची सक्ती नव्हती. मी टाकू शकले असते. पण तुझ्या पाठीमागे रिंगखाली प्राची एकटी उभी होती, हात छातीपाशी धरून, चेहरा न झाकता. मी बॉल तिच्याकडे दिला. तिने झेलला. झेलल्याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती बॉल घेऊन चालायला लागली, रिंगच्या बरोब्बर खाली गेली, आणि दोन्ही हातांनी वर फेकला. बोर्डला लागून आत गेला. लिम अंकलांनी शिट्टी मारली ती सामना संपल्याची.

आणि तू रुसलीस. सगळ्यांना सहभागाचा आनंद शिकवणारी तू, कोर्टच्या कडेला बसून बूट सोडत, बॉल न आपटता तीन पावलं टाकली तिने, तीन, दोनच चालतात, असं पुटपुटत राहिलीस. पोहे खाल्ले नाहीस. लिम अंकल म्हणाले की त्यांना दिसलं नाही, ऊन डोळ्यावर होतं. मला विचारलंस तर मी म्हटलं की मी तुझ्याकडे बघत होते, तिच्या पायांकडे नाही.

अलका, तीन नाही, चार पावलं टाकली तिने. मी मोजली. मला बोलता आलं असतं. पण प्राची तेव्हा इराच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मला जिंकायचंही होतं, हे कारणही काही लहान नव्हतं. तू फाऊल कबूल केला असतास तर मीही हे कबूल करणार होते. तसं मी ठरवलंच होतं. आधी तू, मग मी. तू काही पहिली बोलली नाहीस.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी दुपारी इराचा फोन आला. इरा माझ्याशी कायम इंग्रजीत बोलते, मला आंटी म्हणते. त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, आई गेली. तुम्ही या ना." मी मीटिंगमधून उठले ती तशीच. टॅक्सीत मला सारखं वाटत होतं की इराने मराठीत सांगितलं म्हणून ते खरं असणार.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुला आजाराच्या गप्पा आवडायच्या नाहीत, आणि तू आजारीही नव्हतीस. सकाळी बॉल टाकून आली होतीस.

मंडाईच्या स्मशानात मात्र एक झालं, ते तुला सांगायलाच हवं. मंडाईची पाटी बसमधून दिसली की तू दर वेळी म्हणायचीस, चला मंडईत, भाजी स्वस्त असेल. मी ते आठवून ओठ दाबून उभी होते. लिम अंकल पांढरा शर्ट घालून आले होते. ते श्रीकांतरावांपाशी गेले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं ते सांत्वनाचं काही बोलतील. ते म्हणाले, "टेन इयर्स प्ले. शी नेव्हर पास. ऑलवेज शूट, लाह." श्रीकांतरावांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते हसायला लागले. मग मी. मग इरा. मागे उभ्या असलेल्या प्राचीला काही ऐकू गेलं नव्हतं तरी तीही. आम्ही सगळे तिथे उभे राहून हसत होतो आणि आमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला वाटलं की हे तुझंच तोंड, त्या सोमवारचं, खिडकीपाशी वळलीस तेव्हाचं. ते आम्हा सगळ्यांना लागलं होतं.

तेरावा झाला. श्रीकांतराव कामावर जायला लागले. मी दर रविवारी येतेच. काय बोलायचं कळत नाही तेव्हा श्रीकांतराव मला बास्केटबॉलचे नियम विचारतात. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तीन सेकंदांचा नियम काय असतो ते त्यांना माहीत नव्हतं. मी समजावते. ते वहीत लिहून घेतात, इंजिनियरसारखं, आकृती काढून. परवा म्हणाले की तिला एकदा तरी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, तिने सांगितलं असतं पण उलटंसुलटं, तिच्या सोयीचं. त्यावर ते म्हणाले, हो, ते खरं.

आणि गेल्या रविवारी माई म्हणाल्या की मला खाली न्या.

इराने आणि मी त्यांना लिफ्टने खाली आणलं. त्यांना वाटेत बाकावर बसायचं असेल असं आम्हाला वाटलं. त्या बाकापाशी थांबल्या नाहीत. काठी टेकत थेट कोर्टवर आल्या, रिंगखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून बराच वेळ बघितलं. मग काठी इराकडे दिली.

"इतकी वर्षं काड्याच मारल्या," त्या म्हणाल्या. "एकदा टाकून बघते."

इरा म्हणाली, "आजी, केअरफुल, लाह." मी त्यांच्या मागे उभी राहिले, पडल्या तर धरता यावं म्हणून. बॉल त्यांच्या हातात जड झाला. पहिला त्यांच्या डोक्याइतकाही वर गेला नाही. दुसरा खांबाला लागला. इरा धावून धावून आणून देत होती. लिम अंकल येऊन उभे राहिले. नववा बॉल जाळीच्या खालच्या टोकाला लागला आणि जाळी हलली. माईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना धाप लागली होती, गाल लाल झाले होते. मी म्हटलं, पुरे आज. त्यांनी काठी घेतली, पदर नीट केला आणि विचारलं की उद्या किती वाजता.

मला नऊला ऑफिस गाठायचं असतं. मी म्हटलं साडेसहा.

तेव्हापासून रोज. बॉल अजून आत गेलेला नाही. आज सितीताईही येणार आहे म्हणे, आणि प्राचीने निरोप पाठवलाय की मला का सांगितलं नाही. सहा वाजून गेले, अलका. येते मी. माई वीस मिनिटं आधीच खाली येऊन उभ्या राहतात, आणि उशीर झालेला त्यांना मुळीच चालत नाही.